पत्र्याच्या पेटीतले कागद

माझ्या वडिलांची पत्र्याची एक पेटी होती. हिरवा रंग, पुढं कोयंडा, कोयंड्याला पितळी कुलूप. त्या पेटीत पैसाअडका नव्हता, दागिना नव्हता. होते नुसते कागद. सोसायटीच्या नोटिसा, लाईटची बिलं, पाणीपट्टी, घरपट्टी, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, दुकानदाराची बाकी लिहिलेले सिगारेटच्या पाकिटाचे तुकडे. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांना वाचता येत नव्हतं. पोस्टमननं कागद हातात दिला, की ते तो कपाळाला लावायचे आणि न उघडता पेटीत टाकून कुलूप घालायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "कागूद उघाडला की घरात भांडान लागतं."

दादा १९९८ साली गेले. पेटी माझ्याकडं आली आणि पेटीबरोबर दादांची सवयही आली. मी दहावी शिकलेला माणूस. मला वाचता येत होतं, बेरीज-वजाबाकी येत होती. तरी हातात पैसा नसला की मीही कागद न उघडताच पेटीत टाकायला लागलो. ही भीती एकट्या दादांची नव्हती, ती आमच्या सगळ्या मुलखाची आहे आणि फार जुनी आहे, हे मला उशिरा कळलं. त्याची गोष्ट सांगतो. मग आमच्या घरातली पेटी कशी उघडली ते सांगतो.

आमचं गाव घोडनदीच्या काठाला, शिरूर तालुक्यात. आजीचं माहेर कर्ड्याच्या बाजूचं. आजी उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून पडली की एक गोष्ट हटकून सांगायची. एका सावकारानं देशमुखाचं घर पाडलं आणि सगळ्या गावानं मिळून त्या सावकाराचा विस्तव-पाणी बंद केला. आम्हाला ती राजा-राणीसारखी गोष्ट वाटायची. पुढं थोरला झाल्यावर तालुक्याच्या वाचनालयात जुन्या गॅझेटिअरच्या आधारानं लिहिलेलं एक पुस्तक हाती लागलं आणि त्यात कर्डे सापडलं. आजीची गोष्ट खरी होती. तिला साल तेवढं माहीत नव्हतं. साल १८७४.

त्या वर्षाच्या डिसेंबरात कर्ड्याच्या काळूराम नावाच्या मारवाडी सावकारानं बाबासाहेब देशमुख नावाच्या मातब्बर माणसावर कोर्टातून दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला. घर लिलावात निघालं. ते काळूरामनंच घेतलं आणि पाडायला सुरुवात केली. हे गावाच्या जिव्हारी लागलं. देशमुखासारख्याची ही गत, तर आपली काय, असं प्रत्येकाला वाटलं असणार. गावानं एकी केली. त्याचं शेत कुणी करायचं नाही, पाणक्यानं पाणी भरायचं नाही, न्हाव्यानं दाढी करायची नाही. शेवटी सावकाराला गाव सोडून शिरूरला यावं लागलं. हे वारं पुढं गावोगाव पसरलं. बऱ्याच ठिकाणी लोकांनी तसे करार लिहून काढले.

दीडशे रुपयांत घर कसं जातं, असा प्रश्न मला पडला. त्याचं उत्तर समजून घ्यायचं तर आणखी मागं जावं लागतं.

इंग्रजांनी १८३६ पासून इंदापूरकडून सुरुवात करून या भागात जमिनी मोजल्या, प्रतवारी लावली आणि तीस वर्षांसाठी सारा ठरवला. सारा रोख पैशात आणि ठरल्या तारखेला. पाऊस पडो न पडो. आमचा सगळा भाग पर्जन्यछायेचा. पाच वर्षांत दोन वर्षं बरी, दोन कशीबशी आणि एक कोरडी. हप्त्याची तारीख आली आणि दाणा विकायला नसला, की रयत सावकाराकडं जायची. सारा हे त्या काळचं न चुकणारं बिल होतं. ते भरायला काढलेलं कर्ज म्हणजे एक बाकी फेडायला केलेली दुसरी बाकी.

मग १८६१ साली तिकडं अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस इंग्लंडला यायचा थांबला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. इकडं पैसा खेळायला लागला, सावकारही सढळ हातानं उधार द्यायला लागले. १८६५ साली ते युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि सावकारांनी हात आखडला. जुनी बाकी मागायला लागले, नवं देईनात. नेमकी त्याच सुमाराला तीस वर्षांची मुदत संपली. १८६७ पासून एकेका तालुक्यात नवी आकारणी आली. कुठं सारा दीडपट झाला, कुठं त्याहूनही जास्त. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्याविरुद्ध आवाज उठवला. पण हप्ता काही थांबला नाही.

यात एका कायद्याची मेख होती. ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. १८५९ साली सरकारनं मुदतीचा कायदा केला. कर्जखत तीन वर्षांपुरतंच चालेल, त्यापुढं त्यावर दावा करता येणार नाही. हेतू चांगला होता. व्याजावर व्याज साचू नये, रयत कायमची अडकू नये. पण झालं उलटं. तीन वर्षं भरत आली, की सावकार रयतेला बोलावून नवं खत करून घ्यायचा. जुनं मुद्दल आणि न दिलेलं व्याज यांची बेरीज नव्या खतात मुद्दल म्हणून मांडायची आणि त्यावर पुन्हा व्याज. मधल्या काळात रयतेनं दिलेले दाणे, तूप, कडबा यांची पावती नाही. जमा धरलं की नाही हे सांगणारं कुणी नाही. कागदावर काय लिहिलंय ते सावकाराला ठाऊक आणि अंगठा रयतेचा. आपल्याकडं दामदुपटीची रीत होती. व्याज कितीही झालं तरी मुद्दलापेक्षा जास्त मागायचं नाही. ती रीतही या खतांच्या घोळात बुडाली. पुढं नेमलेल्या सरकारी चौकशीत असं एक प्रकरण निघालं, की शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांच्या वर व्याज लावलेलं होतं.

कर्ड्यानंतर पाच महिन्यांनी सुप्याला भडका उडाला. आमच्याकडून सुप्याला जायचं तर न्हावऱ्यावरून खाली यायचं, भीमा ओलांडून दौंड तालुक्यात केडगाव-चौफुल्याला लागायचं आणि तिथून पुढं. आज सुपे बारामती तालुक्यात आहे. तेव्हा हा सगळा दौंड-बारामतीचा पट्टा भीमथडी म्हणून ओळखला जायचा. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतली रयत जमली आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेली. वह्या मागितल्या, खतं मागितली, बाजारपेठेतच त्यांची होळी केली. धान्याची दुकानं लुटली, काही घरं पेटली. तिथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसच्या वर गावांत गेलं. पलटणी आल्या, गावांवर पोलीस बसले, नऊशेच्या वर माणसं धरली.

एक गोष्ट त्या चौकशी करणाऱ्या साहेबांच्याही नजरेला आली. एवढा मोठा दंगा होऊनही माणसांना इजा फार थोडी झाली. जिथं सावकारानं खतं मुकाट्यानं काढून दिली, तिथं बहुतेक ठिकाणी लोक पुढं काही न करता निघून गेले. त्यांना कागद हवा होता. ज्या कागदानं आपलं घर, बैल, जमीन धरून ठेवलीय आणि जो आपल्याला वाचता येत नाही, तो कागद त्यांना नाहीसा करायचा होता.

मी हे वाचलं तेव्हा मला दादांची पेटी आठवली. त्या लोकांनी कागद जाळला आणि दादांनी तो कुलपात घातला. भीती तीच.

दंग्यानंतर सरकारनं चौकशी समिती नेमली. १८७६ पासून दोन वर्षं मोठा दुष्काळ पडला. १८७९ च्या फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडक्यांनी आमच्याच तालुक्यातल्या धामारीला पहिला दरोडा घातला. त्याच साली पुणे, नगर, सोलापूर, सातारा या चार जिल्ह्यांसाठी डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. शाळेच्या पुस्तकात या कायद्याला एक ओळ मिळते. पण त्यातली कलमं कुणी समजावून सांगितली, तर आजच्या अडलेल्या माणसालाही उपयोगी पडावीत अशी आहेत.

एक, कोर्टानं नुसत्या खतावरचा आकडा धरायचा नाही. व्यवहार पहिल्यापासून कसा झाला ते उकरून बघायचं, मुद्दल वेगळं, व्याज वेगळं काढायचं आणि खरी बाकी ठरवायची. दोन, ती एकदम मागायची नाही, ऐपतीप्रमाणे हप्ते बांधून देता येतील. तीन, कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात घालायचं नाही. चार, जी जमीन गहाण दिलेली नाही ती साध्या कर्जापोटी विकायची नाही. पाच, पैसे घेतले की पावती द्यायची आणि रयतेनं मागितला तर हिशेब लिहून द्यायचा. न्यायमूर्ती रानडे हे या कायद्याच्या अंमलबजावणीत खास न्यायाधीश म्हणून कित्येक वर्षं होते.

कायद्यानं सगळं भलं झालं असं नाही. सावकारांनी पळवाट काढली. गहाणखत लिहून घेण्याऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायचं आणि तोंडी सांगायचं, पैसे फेडलेस की जमीन माघारी. फेडणं झालं नाही की जमीन गेली. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यातही कर्जानं पिचलेला हाच कुणबी आहे. पुढं १९०४ च्या कायद्यानं पतपेढ्या आल्या, त्यातून आजच्या विकास सोसायट्या झाल्या. पण गावात अडीनडीला पैसे फिरवणारा माणूस कधी संपला नाही आणि खरेदीखताची ती युक्तीही संपली नाही. ती आमच्या दारापर्यंत आली, ते आता सांगतो.

त्याआधी बहात्तरच्या दुष्काळातली एक आठवण सांगायची राहिली. मी सातवीत होतो. दादा आणि आई खडी फोडायला जायचे. सरकारी कामावरचा पगार उशिरा व्हायचा, तोवर दादांनी एकाकडून तीन पोती मिलो सवाईनं घेतला होता. तीन पोती घेतली तर सुगीला पावणेचार द्यायची. सुगीनंतर दादा मला बरोबर घेऊन हिशेबाला गेले. त्या माणसानं वही पुढं केली, दादांनी अंगठा पुढं केला. मी डोकावून वाचलं. घेतलेली पोती पाच लिहिली होती. मी मोठ्यांदा म्हणालो, "दादा, हितं पाच लिवल्यात." दादांनी माझ्या पाठीत धपाटा घातला आणि अंगठा उठवला. रस्त्यानं येताना म्हणाले, "फुडच्या साली पुन्हा त्याच्याच दारात जायाचंय. ततं शाना होतुयास व्हय?" मला राग आला होता. आता राग येत नाही. ज्याला दुसरं दारच नाही, तो वहीकडं बघून तरी काय करणार? तरी त्या दिवशी आमच्या घरची अडीच पोती गेली, ती गेलीच.

आता २०१८ साल. पावसानं जुलैनंतर तोंड फिरवलं. ऑक्टोबरच्या शेवटी सरकारनं राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात शिरूरही होता, दौंडही होता. विहिरीच्या पाण्यावर दीड एकर कांदा कसाबसा आणला, तर डिसेंबरात भाव मातीत गेला. निफाडच्या एका शेतकऱ्यानं ७५० किलो कांदा विकून आलेले १,०६४ रुपये पंतप्रधानांना मनीऑर्डरनं पाठवले, ते याच वेळचं. माझ्या साठ क्विंटल कांद्याची पट्टी आली, त्यातून गाडीभाडं, बारदान, हमाली, तोलाई जाऊन काढणीची मजुरीही निघाली नाही.

घरात तर सगळीकडून तटलं होतं. आईचं दवाखान्याचं होऊन गेलं होतं. धाकट्याच्या कॉलेजची फी राहिली होती. किराणावाल्याकडं जायला पाय उचलत नव्हता. मी दुकानाच्या अलीकडच्या बोळातून वळून जायचो. घरच्या मीटरचं बिल पाच महिने थकलेलं. जानेवारीत लाईट तोडायची नोटीस आली, पंधरा दिवसांची मुदत. मी ती पेटीत टाकली.

त्याच आठवड्यात एक ओळखीचा माणूस घरी आला. गावातला नाही, जवळपासचाच. गोड बोलणारा. म्हणाला, "समदी बाकी एकदम उरकून टाका. दोन लाख देतो. शेकडा तीन. रस्त्याकडंच्या वीस गुंठ्याचं नुसतं नावापुरतं खरेदीखत करू. पैसं फिटलं की माघारी लिहून देतो." मला खरं सांगायचं तर हलकं वाटलं. एकदाचं सगळ्यांचं तोंड बंद होईल, एकाच माणसाचं देणं राहील. मी सोमवारी शिरूरला यायचं कबूल केलं.

रात्री बायकोला सांगितलं. तिचं माहेर दौंड तालुक्यातलं, चौफुल्याजवळचं. शाळा चौथीपर्यंत. ती भाकरी थापता थापता थांबली. म्हणाली, "आवं, पर आपलं देनं हाय किती?"

मी म्हणालो, "आसंल दोन-अडीच लाख."

"आसंल म्हंजे? मोजलंय का कवा?"

मोजलं नव्हतं. तीच उठली, पेटी ओढून आणली, कुलूप काढलं आणि घोंगडीवर पेटी पालथी केली. धाकट्याला शंभर पानी वही घेऊन बसवलं. रात्री बारापर्यंत आम्ही तिघं कागद लावत होतो. काही कागद दादांच्या काळातले निघाले, फिटून गेलेल्या देण्यांचे. ते बाजूला केले. उरलं ते असं मांडलं. घरचं लाईट बिल ४,३००. किराणा ११,२००. खत-औषधाच्या दुकानाचे २३,५००. सोसायटीचं पीककर्ज ८०,०००. मेव्हण्याकडून आईच्या दवाखान्यासाठी घेतलेले हातउसने २०,०००. कॉलेजची फी ९,०००. बेरीज १,४८,०००.

मी अडीच लाख धरून बसलो होतो. कागद न बघता माझ्या मनानंच लाखभर रुपयांचं जास्तीचं कर्ज केलं होतं.

मग बायकोनं दुसरा हिशेब विचारला. दोन लाखाला शेकडा तीननं महिन्याला किती? सहा हजार. आमच्या दोन गाईंचं दूध, दर दहा दिवसांनी पगार यायचा साधारण चार हजार. त्यातले निम्मे पेंड-भुशाला. म्हणजे महिन्याला हातात राहायचे सहा हजार. "म्हंजे गाया आपल्या, शेण आपुन काढायचं आन् दूध त्येच्या याजाला," ती म्हणाली. "मुद्दल कशातनं फेडायचं?" मी गप्प बसलो. कर्ड्याचं घर दीडशे रुपयांत कसं गेलं ते मला त्या रात्री घोंगडीवर बसून कळलं. सोमवारी मी शिरूरला गेलो नाही.

वहीत आम्ही देण्यांचा क्रम लावला. मोठं कोणतं, लहान कोणतं, कोण जास्त ओरडतंय, हे बघितलं नाही. थकलं तर कशानं घराचं नुकसान होईल आणि कशावर व्याज चढतंय, हे बघितलं. त्या हिशेबानं लाईट पहिलं, कारण त्याला तारीख होती. सोसायटी दुसरी. एक लाखापर्यंतच्या पीककर्जाला मार्चअखेर भरलं तर व्याज शून्य होतं, तारीख चुकली की सवलत जाणार आणि नवं कर्जही अडणार. मग खताचं दुकान, कारण तिथं महिन्याला शेकडा दोन लागत होते. मग फी आणि किराणा. मेव्हणा शेवटी. त्याला व्याज नव्हतं. पण त्याला गप्प राहून टांगायचं नाही, फोन करून सांगायचं, असं बायकोनं बजावलं. मी फोन केला. तो म्हणाला, "दाजी, सांगितलंत हेच लई झालं. सावकाश द्या."

लाईटच्या कचेरीत गेलो. बिल घेऊन गेलो आणि धाकट्यानं मोबाईलवर काढलेला मीटरचा फोटोही नेला. बिलावरचे युनिट सरासरीनं लावलेले होते, मीटरवर त्याहून कमी होते. तिथल्या साहेबांनी बिल दुरुस्त करून दिलं. ४,३०० चे ३,४०० झाले. ते तीन हप्त्यांत भरले. लाईट तुटली नाही. नोटीस पेटीत राहिली असती, तर तुटली असती आणि नऊशे रुपये वरती गेले असते.

किराणावाल्याकडं बायको गेली. वही बरोबर घेऊन गेली आणि त्याला म्हणाली, "भाऊ, तुमचं पान वाचा, मी आमचं लावून घेते." ६४० रुपयांची एक नोंद दोनदा झालेली निघाली. त्यानं स्वतःच्या हातानं ती खोडली आणि उलट ओशाळला. महिन्याला हजार ठरले. त्यानं माल देणं थांबवलं नाही. मी चार महिने बोळातून वळून जात होतो, तो माणूस असा होता.

सोसायटीसाठी कालवड ३२,००० ला विकली. बायकोनं गळ्यातलं काढून दिलं, ते बँकेत ठेवून ५०,००० उचलले. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ८०,००० भरले. एप्रिलात नवं पीककर्ज झालं, त्यातून आधी सोनं सोडवलं. उरलेल्या पैशांतून फी भरली आणि बियाणं घेतलं. आमच्याकडं याला नवं-जुनं करणं म्हणतात. कर्ज तेवढंच राहतं, पण थकबाकीदार म्हणून नाव लागत नाही. कांद्याला सरकारनं क्विंटलला २०० रुपये अनुदान जाहीर केलं होतं. बाजार समितीतल्या विक्रीची पट्टी जपून ठेवली होती, म्हणून साठ क्विंटलचे १२,००० मिळाले. ते उचलून खताच्या दुकानात दिले. पट्टी फाडून टाकलेली मंडळी गावात होती. त्यांना काही मिळालं नाही.

एक कडू गोष्टही लिहायला हवी. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सरकारनं महात्मा फुल्यांच्या नावानं कर्जमुक्ती जाहीर केली. ३१ मार्च २०१९ पर्यंतचं दोन लाखांपर्यंतचं थकलेलं पीककर्ज माफ. आम्ही कालवड विकून, सोनं ठेवून मार्चमध्ये भरलं होतं, म्हणून आम्ही त्यात बसलो नाही. गावात लोक हसले. मीही आठ दिवस बायकोशी नीट बोललो नाही. पुढं २०२२ साली नियमित फेडणाऱ्यांना पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन आलं, ते मिळालं. पण ते येईल हे २०१९ साली कुणाला ठाऊक होतं? माफी येईल म्हणून थांबावं की घरातलं विकून भरावं, याचं उत्तर माझ्याकडं आजही नाही. एवढंच सांगू शकतो, की मार्चमध्ये भरलं म्हणून एप्रिलात बियाणं घेता आलं आणि ती वीस गुंठे अजून आमच्या सातबाऱ्यावर आहेत.

खताचं दुकान आणि किराणा २०१९ च्या दिवाळीपर्यंत मिटलं. मेव्हण्याचे वीस हजार २०२० च्या भाऊबीजेला दिले. म्हणजे दीड लाखाच्या आतलं देणं मार्गी लावायला पावणेदोन वर्षं गेली, तेही दुधाचा एकही पगार न बुडता.

त्या गोड बोलणाऱ्या माणसाच्या कागदावर दुसऱ्या एकानं सही केली, हे नंतर कळलं. त्याची जमीन गेली. २०१४ च्या सावकारी कायद्यात सोय आहे, बेकायदा सावकारीतून पंधरा वर्षांच्या आत अशी जमीन गेली असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करता येतो. चौकशीत व्यवहार कर्जाचाच होता असं ठरलं तर जमीन परत मिळू शकते. खतामागचा खरा व्यवहार उकरून बघायचा, हीच १८७९ ची गोष्ट, नव्या कायद्यात पुन्हा लिहिलेली. मी त्या माणसाच्या घरी जाऊन हे सांगितलं. तो म्हणाला, "माझ्याकडं कागूदच न्हाईत. काय दिलं, किती दिलं, कायबी लिवलं न्हाई." मग बँकेतून पैसे काढल्याच्या तारखा पासबुकात शोधत आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत बसलो. अर्ज गेला आहे. सुनावणी चालू आहे.

मागच्या वर्षी सुप्याला एका लग्नाला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. मेथीच्या जुड्या, सुकी मासळी, कांद्याची रोपं, सगळं नेहमीसारखं. या पेठेत वह्या पेटल्या होत्या याची खूण कुठं दिसली नाही. मी तिथल्या एका दुकानातून धाकट्याच्या मुलीला पाटी घेतली आणि शंभर पानी वही घेतली. दुकानदारानं विचारलं, "पावती पाहिजे का?" मी म्हणालो, "द्या की."

आमची पेटी आता कुलपाशिवाय असते. दर महिन्याच्या एक तारखेला, दुधाचा पगार झाला की बायको ती उघडते, मी वाचतो आणि सून लिहिते.